हात कोणाचे, सही कोणाची?

झाशीच्या जुन्या शहरातून रेल्वेचे रूळ ओलांडले की सीपरी बाजार लागतो. पीएचडीच्या फील्डवर्कसाठी मी इथे भाड्याची खोली घेऊन राहते. बुंदेलखंडातून महाराष्ट्रातल्या कारखान्यांत कामाला जाणारे तरुण हा माझा अभ्यासविषय. पंजाब मेल मुंबईला जाते, झेलम पुण्याला. दोन्ही गाड्या झाशीत थांबतात आणि आजूबाजूच्या गावांतली अहिरवार, कुशवाहा, रायकवार घरांतली मुले त्यांच्या जनरल डब्यात बसून निघून जातात. काही सणाला परत येतात. काही हात गमावून परत येतात.

गेल्या वर्षी असाच एक जण माझ्याकडे आला. वय तीस. उजव्या हाताची दोन बोटे नाहीत. पुण्याजवळच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर हेल्पर होता. त्याच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद होता आणि तो कागद मराठीत होता. सीपरीत कुणाला वाचता येईना. महाराष्ट्रातून आलेली एक मुलगी इथे राहते हे कळल्यावर तो शोधत आला. म्हणाला, "दीदी, इसमें लिखा क्या है?"

कागदावर टाइप केलेले होते की अपघात माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला, औषधोपचाराचा खर्च मला मिळाला आणि कंपनीविरुद्ध किंवा ठेकेदाराविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. खाली त्याची सही होती, डाव्या हाताने केलेली, अपघातानंतर चौथ्या दिवशी, दवाखान्याच्या खाटेवर. त्याच्या बाजूला साक्षीदार म्हणून आणखी एक सही होती, इंग्रजीत, वळणदार. ती कुणाची, असे मी विचारले. "एचआर वाले भैया. अच्छे आदमी थे. अपनी ही बिरादरी के थे."

मी माझ्या घरातली पहिली पदवीधर. वडील एमआयडीसीत हेल्पर होते. घरी कुठलाही फॉर्म आला, रेशनचा असो की बँकेचा, तो वाचायचे काम शाळेपासून माझ्याकडेच. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांचे बालपण असेच गेले असणार. त्यामुळे कागद वाचून दाखवणे मला नवे नव्हते. पण ती वळणदार सही डोळ्यांसमोरून जात नाही. कारखान्यातल्या सुरक्षेवर आपण बोलतो तेव्हा हेल्मेट, बूट, हातमोजे यांवर बोलतो. त्या सहीवर बोलत नाही. हा लेख तिच्यावर आहे.

निष्काळजी कोण होते?

आधी त्या कागदातला मुख्य शब्द तपासू: निष्काळजीपणा.

पॉवर प्रेसवर पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, प्रेस खाली येते, तुकडा कापला किंवा वळवला जातो, तो काढायचा आणि दुसरा ठेवायचा. हात प्रत्येक पीसला डायच्या आत जातो. म्हणून चांगल्या प्रेसवर दोन बटणे असतात, एकमेकांपासून दूर. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे प्रेस खाली येत असताना हात डायमध्ये असूच शकत नाही. त्याच्या जोडीला प्रकाशाचा सेन्सर असतो. मध्ये हात आला की मशीन थांबते. ही काही नवी किंवा अवघड विद्या नाही.

त्या कारखान्यात दोनपैकी एक बटण पट्टीने कायमचे दाबून बांधलेले होते, असे त्याने सांगितले. एका हाताने पीस ठेवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचे, म्हणजे तासाला जास्त पीस निघतात. सेन्सर बंद होता. शिफ्ट बारा तासांची. अपघात अकराव्या तासाला झाला. बटण बांधायला त्याने सांगितले नव्हते, शिफ्टही त्याने ठरवली नव्हती. कागदावर मात्र निष्काळजी तोच.

कायदा काय म्हणतो हे इथे नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या घरांतल्या कितीतरी जणांनी असे कागद सही करून दिले आहेत. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात साधा निष्काळजीपणा हा भरपाई नाकारायला आधार नव्हता. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असेल, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा गार्ड त्याने स्वतः जाणूनबुजून काढला असेल, तरच मालकाला हात झटकता येत. मृत्यू झाला असेल किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आले असेल, तर या सबबीही चालत नसत. आणि भरपाईचा हक्क सोडून देतो असे कामगाराने लिहून दिले, तरी तो करार कायद्याने रद्दबातल होता. म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतल्या त्या कागदाने त्याचा हक्क संपत नव्हता. पण हे त्याला सांगणारे कुणी नव्हते, आणि ज्याला माहीत असायला हवे होते त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली होती.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात शरीराचा हिशेब दिला होता. एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३० टक्के, चार गेली तर ५० टक्के कमाईची क्षमता गेली असे धरले जाई. वय तीस आणि पगार महिना पंधरा हजार धरला, तर त्या सूत्राने दोन बोटांची भरपाई सुमारे पावणेचार लाख रुपये होते. त्याच्या हातावर ठेवले होते वीस हजार आणि झाशीचे तिकीट.

जात 'कोण' विचारते

हा एका वाईट मालकाचा किस्सा आहे, असे म्हणून थांबता आले असते. माझे म्हणणे वेगळे आहे. धोकादायक काम समोर आले की दोन प्रश्न विचारता येतात. पहिला: हे काम कोण करणार? दुसरा: हे काम अशा पद्धतीने का करायचे? आपल्या समाजाला पहिल्या प्रश्नाची हजारो वर्षांची सवय आहे. घाण असेल, धूर असेल, मृत्यू असेल, तर त्यासाठी एक जात नेमून द्यायची. माणूस मिळाला की काम बदलायची गरजच उरत नाही. सुरक्षा दुसऱ्या प्रश्नातून सुरू होते, आणि तो प्रश्न जातिव्यवस्था आपल्याला विचारू देत नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण घ्या. गिरणीत सगळ्यात बरा पगार साळखात्यात, म्हणजे विणकामात मिळे. तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. ते बहुतकरून रिंग खात्यात, कमी पगारावर. कारण काय? मागावर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. आज एकाने तोंड लावलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. महाराच्या तोंडाचा धोटा आम्ही कसा लावायचा, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुम्ही मान्य करणार नसाल, तर त्यांनी संपात का यावे, असा त्यांचा रोख होता. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी यादीत घातली. मालकांनी त्यावर टोला हाणला की हा अन्याय असेल, तर तो आम्ही केलेला नाही.

ही गोष्ट आपल्या चळवळीत अनेकदा सांगितली जाते, आणि ती श्रमिकांमधल्या जातीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ते बरोबरच आहे. जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हा बाबासाहेबांचा १९३६ मधला मुद्दा इथे अगदी उघड दिसतो. पण याच गोष्टीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. तोंडाने धागा ओढणे हे मुळात आरोग्याला घातक काम होते. धाग्याबरोबर कापसाची धूळ आत जाई, आणि एकच धोटा अनेकांच्या तोंडात गेल्याने क्षयासारखे रोग पसरण्याची भीती होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने असा धोटा वापरायला १९११ मध्येच बंदी घातली होती. हाताने धागा ओवता येईल असा धोटा बनवणे शक्य होते.

म्हणजे मुंबईत वाद झाला तो तोंड कोणाचे यावर. तोंड लावायचेच का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. जातीने दलिताची चांगली मजुरी हिरावली आणि सवर्ण विणकराच्या छातीतली धूळही तशीच राहू दिली. असुरक्षित कारखाना शेवटी कुणालाच सोडत नाही, पण तो सुरू होतो तो 'कोण' या प्रश्नापासून.

आज हाच प्रश्न कंत्राटाच्या भाषेत विचारला जातो. झाशीत रेल्वेची मोठी वॅगन दुरुस्ती कार्यशाळा आहे, शहराबाहेर भेलचा कारखाना आहे. सरकारी कारखान्यांतल्या पक्क्या नोकरीत आरक्षणाने आपल्या माणसांना पहिल्यांदा पगारपत्रक, युनियन, दवाखाना आणि सुट्टी मिळाली. त्यातूनच पुढची पिढी शिकली. आरक्षणाकडे आपण प्रतिष्ठेचा आणि रोजगाराचा हक्क म्हणून पाहतो. तो सुरक्षेचाही हक्क होता, हे सहसा लक्षात घेत नाही. पक्का कामगार 'हे मशीन खराब आहे, मी लावणार नाही' असे म्हणू शकतो. ठेकेदाराच्या माणसाने तसे म्हटले तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होतो. कंत्राटीकरणाने नोकरी गेली, तसा हा नकारही गेला.

अपघातांच्या सरकारी आकडेवारीत जातीचा रकाना नाही. केंद्र सरकारच्या 'डीजीफासली' या संस्थेच्या २०१७ ते २०२० च्या आकडेवारीनुसार नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी अकराशेच्या आसपास कामगार मेले, म्हणजे दिवसाला तीन. ते कोण होते, कायम होते की कंत्राटी, कोणत्या समाजाचे, हे त्यातून कळत नाही. ज्या धोकादायक कामात सरकारने जात मोजली, तिथे काय दिसले ते पाहा. गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांची 'नमस्ते' योजनेखाली नोंद झाली. २०२४ मध्ये समोर आलेल्या आकड्यांनुसार त्यांतले सुमारे ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी होते, एकट्या अनुसूचित जातींचे जवळजवळ ६९ टक्के. गटार उपसायची यंत्रे आहेत. तरी माणूस उतरवला जातो, कारण माणूस मिळतो. कारखान्यांतही मोजणी झाली पाहिजे, ही मागणी आपण केली पाहिजे. जे मोजले जात नाही, त्यावर कुणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

धोका कमी करायचा तो वरून खाली

सुरक्षेच्या अभ्यासात एक साधी पायऱ्यांची मांडणी शिकवतात. धोका आधी मुळातून काढून टाका. काढता येत नसेल तर कमी घातक वस्तू किंवा पद्धत वापरा. तेही होत नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये यंत्राचा अडसर घाला. मग कामाचे तास, प्रशिक्षण, नियम यांची व्यवस्था करा. आणि सगळ्यात शेवटी मास्क, हातमोजे, हेल्मेट. आपल्याकडे ही शिडी उलटी लावतात. सुरुवात आणि शेवट दोन्ही हेल्मेटवर होतो, कारण हेल्मेट स्वस्त आहे, आणि ते घातले नाही तर दोष कामगाराच्या माथी मारता येतो.

प्रेसवर ही शिडी सरळ लावली तर पत्रा आपोआप आत सरकवणारा फीडर येतो, म्हणजे हात आत जातच नाही. ते परवडत नसेल तर दोन हातांची बटणे, सेन्सर आणि डायभोवती जाळी, आणि ही सुरक्षा बंद केल्यास मशीन चालूच होणार नाही अशी जोडणी. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप, आणि किल्ली जो आत हात घालणार त्याच्याच खिशात. त्यानंतर आठ तासांची शिफ्ट. हातमोजे या यादीत अगदी शेवटी येतात. प्रेसखाली सापडलेल्या हाताला हातमोजा वाचवत नाही.

झाशीच्या आसपास दगडफोडीचे क्रशर आहेत. तिथे दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर इलाज नाही. अनेकदा त्यालाच टीबी समजून वर्षानुवर्षे टीबीची औषधे दिली जातात. क्रशरवर पाण्याचा फवारा मारणे, पट्टे आणि तोंडे झाकणे, धूळ ओढून घेणारी यंत्रणा लावणे हा उपाय आहे. तोंडाला बांधलेला गमछा हा उपाय नाही. इतकी बारीक धूळ त्यातून आरपार जाते. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. डॉक्टरने कळवले नाही, तर कागदोपत्री तो रोग होतच नाही.

आगीचे तर आपण वारंवार पाहतो. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातल्या उरवडे इथे जलशुद्धीकरणाची रसायने बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. १७ कामगार मेले, त्यांतल्या १५ बायका. मृतदेह ओळखण्यासाठी डीएनए तपासणी करावी लागली. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडे इथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणारे युनिट पेटले. सहा बायका त्याच दिवशी गेल्या, जखमींपैकी आणखी काही पुढच्या दिवसांत. ते युनिट परवानगीशिवाय चालत होते. त्याच महिन्याच्या ३१ तारखेच्या पहाटे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून आत झोपलेले सहा कामगार मेले. हातमोजे बनवणाऱ्यांना राहायला खोली नव्हती, कारखाना हेच त्यांचे घर होते.

आणि हे फक्त कारखान्यांत होते असेही नाही. मी राहते त्या सीपरी बाजारात ३ जुलै २०२३ रोजी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूमला आग लागली, ती शेजारच्या दुकानात आणि वरच्या मजल्यांवर पसरली. किमान चार जण मेले. वर एका विमा कंपनीचे ऑफिस होते, तिथे काम करणारी माणसेही अडकली. शिकून ऑफिसात बसलो म्हणजे आपण सुटलो, असे मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावे. धूर पदवी पाहत नाही.

या सगळ्या आगींवर उपाय सारखेच आणि जुने आहेत. दोन वेगवेगळ्या दिशांना बाहेर पडायचे रस्ते. कामाच्या वेळी कुलूप नसलेले आणि बाहेर उघडणारे दरवाजे. जिन्यात माल नाही. पेट घेणारा माल माणसांपासून वेगळ्या खोलीत आणि लागेल तेवढाच. रात्री कुणी आत झोपणार नाही, म्हणजे कामगारांना राहायला जागा देणे हाही आगीवरचा उपाय आहे. वर्षातून दोनदा खरीखुरी पळण्याची तालीम, फोटोपुरती नव्हे. आणि सूचना कामगाराला कळेल अशा भाषेत. कारखाना कायद्याने तरतुदींचा सारांश बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितला होता. चाकणमध्ये बुंदेली बोलणाऱ्या मुलासमोर इंग्रजी पाटी लावणे म्हणजे भिंत रंगवणे.

आकडा पुन्हा चढला

मग हे होत का नाही? कायदा नाही म्हणून नव्हे. पण कायदा कुणापर्यंत पोहोचतो, हे पाहण्यासारखे आहे.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. १८९१ मध्ये ती संख्या ५० झाली, १९२२ मध्ये २०. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या काळात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. १९४८ चा कारखाना कायदा झाला तेव्हा मजूरमंत्री जगजीवन राम होते, आणि त्या कायद्याने वीज वापरणाऱ्या कारखान्यांसाठी ही संख्या १० वर आणली. प्रत्येक वेळी आकडा खाली आला, म्हणजे आणखी छोट्या शेडमधला कामगार कायद्याच्या आत आला. २०२० च्या सुरक्षा आणि आरोग्य संहितेने तो पुन्हा २० केला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. मालकाची काही सर्वसाधारण कर्तव्ये दहा कामगारांपासून लागू राहतात, आणि मोफत वार्षिक तपासणी, प्रत्येकाला नेमणूक पत्र अशा चांगल्या तरतुदीही तिच्यात आहेत. पण सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती ५०० कामगारांपासून, घातक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० पासून. पंधरा माणसांच्या प्रेस शॉपमध्ये सुरक्षेसाठी नेमलेला माणूस कुणीच नाही. आणि आपली माणसे बहुतकरून तिथेच आहेत.

दुसरी उणीव आवाजाची. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात सुधारणा झाली, आणि घातक प्रक्रियेतल्या कामगाराला जवळ आलेला धोका मालकाच्या व निरीक्षकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क मिळाला. हा कळवण्याचा हक्क आहे. थांबण्याचा नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात जिवाला धोका दिसल्यावर कामातून बाजूला होणाऱ्या कामगाराला संरक्षण दिले आहे. ती खरी गरज आहे. मशीनचा बदललेला आवाज सगळ्यात आधी ऐकतो तो त्यावर उभा असलेला माणूस. त्याला ते थांबवता येत नसेल, तर बाकीची सगळी सुरक्षा कागदावर राहते.

नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण इथे येते. सत्यशोधक लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन एक निवेदन तयार केले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती या मागण्या आपल्याला पाठ असतात. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो जन्मभरासाठी अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. त्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. सही ही आपल्या चळवळीत अशी सुरू झाली. कामगाराचा हक्क मागण्यासाठी.

आता आपल्या सहीबद्दल

पहिल्या पिढीचे पदवीधर म्हणून आपण कारखान्यात जातो तेव्हा बहुतेक वेळा मशीनवर जात नाही. एचआर, क्वालिटी, स्टोअर, ज्युनिअर इंजिनिअर, सेफ्टी ट्रेनी, ठेकेदाराचा हिशेबनीस अशा खुर्चीवर जातो. ती खुर्ची फार पक्की नसते. वरचा साहेब वेगळ्या समाजाचा, खालचा कामगार आपला. आणि साहेबाला जो कागद स्वतःच्या हाताने करायचा नसतो, तो आपल्याकडे येतो: 'मशीनची तपासणी केली', 'प्रशिक्षण दिले', 'अपघात कामगाराच्या चुकीने झाला'. आपल्या माणसाला आपल्याच माणसाकडून समजावून घेणे व्यवस्थेला सोयीचे असते. त्या एचआरवाल्या भैयाला मी दोष देत नाही. त्याच्याही घरी हप्ते असतील. पण त्याच्या जागी आपण असू तेव्हा काय करायचे, हे आधीच ठरवलेले बरे.

न पाहिलेल्या तपासणीवर सही करायची नाही, ही पहिली गोष्ट. थेट नकार देता येत नसेल तर शेरा लिहावा: 'दोनपैकी एक बटण बांधलेले आढळले.' ईमेलने कळवावे, तारीख राहते. थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही ठेवावी. बोट जाण्याआधी अनेकदा हातमोजा अडकलेला असतो. सुरक्षा समिती असेल तर तिच्यात कंत्राटी कामगार आणि बायका आहेत का, हे विचारावे. आणि 'निष्काळजीपणा' लिहिलेल्या कागदावर साक्षीदार व्हायचे नाही. एवढे केल्याने नोकरी जाईलच असे नाही. एकट्याने केले तर जाऊ शकते, म्हणून ओळखीच्या चार जणांनी, युनियनशी बोलून, मिळून करावे.

जे कारखान्यात नाहीत, त्यांनी घरातला फॉर्म वाचणारा हीच भूमिका थोडी पुढे न्यावी. घरातल्या, गल्लीतल्या कामगाराकडे नेमणूक पत्र आहे का? ईएसआयचा नंबर आहे का? गेटपास, हजेरी, पगार आलेल्या खात्याचे पान यांचे फोटो मोबाइलमध्ये आहेत का? अपघात झाला तर त्याच दिवशी लेखी कळवले का, दवाखान्याच्या कागदावर 'कामावर असताना' असे लिहून घेतले का? ईएसआयमध्ये नाव असेल तर दावा तिकडे जातो, नसेल तर जुन्या कायद्याखाली तो नुकसानभरपाई आयुक्तांकडे जाई. जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती आणि दावा कामगार राहतो त्या जिल्ह्यातही करता येत होता. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही चौकट बरीचशी तशीच उचलली आहे. हे सगळे एका पानावर मावते. तेवढे पान वस्तीतल्या वाचनालयात लावले तरी पुष्कळ आहे.

आणि ज्यांना स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, त्यांनी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयातल्या पदांकडेही पाहावे. उपजिल्हाधिकारी होण्याचे स्वप्न चांगलेच आहे. पण शेडच्या दारात उभे राहून 'हे मशीन आज बंद' असे लिहिणाऱ्या सहीतही मोठी ताकद आहे.

त्या माणसाचा अर्ज आम्ही झाशीतच दाखल केला. ईएसआयमध्ये त्याचे नाव सापडले नाही. तारखा पडताहेत, निकाल अजून नाही. तारखेला तो गावाहून येतो आणि डाव्या हाताने सही करतो. आता ती पूर्वीपेक्षा बरी येते. मागच्या तारखेला त्याच्यासोबत त्याचा धाकटा भाऊ आला होता, बारावी झालेला. त्याच आठवड्यात तो झेलमने पुण्याला निघणार होता, प्रेसवरच्याच कामाला. मी त्याला विचारले की तिथे पहिल्या दिवशी काय बघशील. भावाकडे बघून तो म्हणाला, "दोनों बटन."